पुढचं चाक रुंद, मागचं अरुंद

आमच्या ह्यांना निवृत्तीनंतर टेकडीचा नाद लागला. कोथरूडमध्ये निम्मी माणसं टेकडीवर चालायला जातात. हे सायकलवर जायचे. भल्या पहाटे हेल्मेट घालून बाहेर पडायचे आणि धुळीने माखून परतायचे. शाळेत गणित शिकवून जे सुख मिळालं नाही ते तिथल्या दगडगोट्यांत मिळतं, असं म्हणायचे. मीही चालायला जायचे. खिंडीच्या वर उभी राहून त्यांची उतरणारी सायकल नजरेआड होईपर्यंत बघायचे.

दोन वर्षांपूर्वी एकदा म्हणाले, "उतारावर हँडल फार थरथरतंय गं. पुढचा टायर बदलायला हवा."

त्याआधी काही दिवस त्यांनी शर्ट घालायचं सोडलं होतं. ऐन डिसेंबरात टी-शर्ट, का तर म्हणे उकडतं. बटणं लागत नाहीत हे मला दिसत होतं. डॉक्टरांनी कंपवात आहे असं स्पष्ट सांगितलं होतं, गोळ्याही सुरू झाल्या होत्या. पण आमच्या घरात दुखण्याचं नाव घ्यायची पद्धत नाही. सासूबाईसुद्धा शेवटपर्यंत "जरा अशक्तपणा आहे" एवढंच म्हणत होत्या. तेव्हा मीही विचारलं, "किती रुंद टायर हवा?"

रुंद टायरमध्ये हवा कमी ठेवता येते आणि कमी हवेचा टायर धक्के गिळतो, हे मला तेव्हा कळलं. मागचा मात्र अरुंदच ठेवायचा, म्हणजे चढावर पाय भरून येत नाहीत. शेजारचे गृहस्थ पार्किंगमध्ये सायकल बघून म्हणाले, "काय हो, पुढे बुलेट आणि मागे सायकल?" हे हसले. मीही हसले. महिनाभर खरंच बरं चाललं होतं.

मग वळणावर चाक डुलायला लागलं. टायर रुंद, पण खालची रिम जुनी, अरुंद. हवा कमी केली की टायर एका बाजूला कलायचा. रिमही बदलली. तेव्हापासून आमचं सगळं बोलणं त्या एका चाकाभोवती फिरू लागलं. "आज कसं होतं?" मी विचारायचे. "हवा जरा जास्त झाली होती," हे सांगायचे. "गोळी लागू पडतेय का?" असं मला विचारायचं असायचं. कधीतरी गुडघा फुटून यायचे, तर म्हणायचे, पुढचा टायर घसरला. मी हळद लावायचे आणि टायरला नावं ठेवायचे. मला त्या टायरचा मनापासून राग यायचा. कोणाचा तरी यायलाच हवा होता.

यंदा दिवाळीनंतर आणखी रुंद टायर घालायचं त्यांनी ठरवलं. सायकल डिक्कीत घालून मी ह्यांना दुकानात घेऊन गेले, कारण रहदारीतून ती चालवणं त्यांनी बंद केलं होतं. अर्थात, हल्ली लोक नीट गाडी चालवत नाहीत म्हणून. दुकानदाराने टायर चढवला, चाक चिमट्यात, म्हणजे हँडलखालच्या दोन दांड्यांत, बसवून फिरवलं. खर्र खर्र आवाज आला. टायर दोन्ही बाजूंनी चिमट्याला घासत होता.

"काका, ह्यात ह्याहून रुंद बसत नाही," तो म्हणाला. "आणखी हवं असेल तर रिक्षाचंच लावावं लागेल."

एरवी ह्यांनी त्याला सव्याज परत केलं असतं. पण ते चाकाकडे बघत राहिले. उजवा हात खिशात होता, आणि खिशाचं कापड हलत होतं.

"जुनाच टायर लावा," शेवटी म्हणाले. "सायकल इथेच राहू दे. कोणाला हवी असेल तर देऊन टाका."

मी म्हणाले, "अहो, दुसरं दुकान बघू. दुसरा चिमटा मिळतो म्हणे."

"टायरचं काही नाही गं," ते म्हणाले. "हातच राहिले नाहीत. ब्रेक दाबायचा म्हणतो तोवर दगड येऊन जातो."

दुकानातून बाहेर पडलो. गाडी रस्त्याच्या टोकाला लावली होती. दुकानदारांना, रिक्षावाल्यांना, साक्षात विहीणबाईंना गप्प करणारी मी, पण पायरीपाशीच थांबून पर्समध्ये गाडीची किल्ली शोधत राहिले. उन्हात मुलं क्लासला चालली होती.

"मग आता सकाळी मी काय करू?" त्यांनी विचारलं. अगदी साधेपणाने, भाजी कुठली आणू विचारावं तसं.

"उद्याचं उद्या बघू," मी म्हणाले, आणि डोळे दिसू नयेत म्हणून झपझप पुढे निघाले. गाडीपाशी पोचून मागे वळले. ते अजून दुकानाच्या पायरीपासून थोडेसेच पुढे आले होते, खाली बघत, एकेक पाऊल टाकत.