बोट बुडवणाऱ्या माणसाबरोबर मुळशी

पाणी तापवायची विजेची सळई बादलीत चालू असतानाच आमचे हे पाणी तापलं का ते बोट बुडवून बघतात. मी शाळेत वीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवते आहे. चाळीस मुली ऐकतात, घरातला एक माणूस ऐकत नाही. त्यामुळे ब्याऐंशी सालच्या दिवाळीच्या सुट्टीत हे म्हणाले, "मुळशीला जातोय, ओढ्यात वीज सोडून मासे मोजायचेत," तेव्हा मी सरळ पिशवी भरायला घेतली.

हे कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात. जनरेटरची वीज दोन दांड्यांतून पाण्यात सोडली की मासे क्षणभर गुंगतात. ते जाळीने उचलायचे, मोजायचे आणि परत सोडायचे. पाण्यात उभ्या माणसालाही तीच वीज लागू शकते, ही गोष्ट यांच्या लेखी किरकोळ.

मित्राची जीप मागून घेऊन सकाळी निघालो. जाणार असाल तर पेट्रोल पुण्यातच भरा आणि पौडला भजी खा, दोन रुपयांत दोघांचं पोट भरतं. पौडपर्यंत रस्ता बरा आहे. पुढे मात्र खड्ड्याखड्ड्याला मागचा जनरेटर उडत होता आणि हे मला पिवळी फुलं दाखवत होते. माले गाव मागे पडलं. कापलेल्या भाताच्या वासाने जीव सुखावला, पण तो आनंदही मी धड घेतला नाही. डोक्यात सारखं जनरेटरचं बटण होतं.

ओढ्याकाठी पाण्यातल्या सात देवींचे, शेंदूर लावलेले सात दगड होते. शेळ्या राखणाऱ्या सखूबाई तिथे बसल्या होत्या.

"आसरांचं ठिकाण हाय, सायेब. पायताण काढा."

यांनी लगेच रबरी गमबूट उतरवले! परक्या माणसापुढे हे इतके आज्ञाधारक.

"बूट घातल्याशिवाय मशीन सुरू होणार नाही," मी म्हटलं.

"अगं, त्यांची श्रद्धा..."

सखूबाईंनी बूट चाचपला. "रबराचा हाय व्हय? मग घाला की! आमाला चामडं चालत न्हाई. आन् वरचा डोह देवीचा, तितं न्हाई जायचं. खाली करा काय ते."

पाच मिनिटांत सुटलेला प्रश्न. बटण मी माझ्याकडे घेतलं आणि नियम सांगितला. पाण्यात हात घालण्याआधी "बंद?" असं विचारायचं. मी "बंद" म्हटल्यावरच हात घालायचा. सखूबाईंनी शेळ्या लांब वळवल्या.

तासभर छान चाललं. मग एक लांबट मासा पांढरं पोट वर करून मुळांत अडकला. जाळी पोचेना. यांनी रबरी हातमोजा दातांनी ओढून काढला आणि उघडा हात खाली नेला.

मी बटण दाबलं. जनरेटर गप्प झाला. मासा भानावर आला आणि निसटला.

"का बंद केलंस? दुर्मीळ होता तो!"

मी नुसतं बोट दाखवलं. यांचा हात मनगटापर्यंत पाण्यात होता.

हे त्या हाताकडे बघत राहिले. मी बटण दोन्ही हातांनी छातीशी धरून खडकावर बसले, ते पुन्हा लावायचं धाडस होईना.

"सायेब," सखूबाई म्हणाल्या, "आमची शेळीसुदीक एका हाकंत वळती."

हे हसले नाहीत. पाण्यात शोधत म्हणाले, "हातमोजा कुठे पडला गं माझा?" तो वाहत जाऊन दगडाला अडकला होता. तो घालून, बूट तपासून हे परत पाण्यात उतरले.

परतताना पिवळी फुलं मीच दाखवली. वीस वर्षं मी चिडून बोलत आले, तेव्हा त्यामागची भीती यांना कधी दिसलीच नसावी. मीही ती कधी नीट दाखवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोळ्या लाटत होते. न्हाणीघरातून आवाज आला, "बंद?"

पिठाचे हात पुसून गेले. हे बादलीपासून हातभर लांब, टॉवेल गुंडाळून उभे होते. मी भिंतीवरचं बटण बंद केलं, पिन उपसून काढली.

"बंद," मी म्हटलं. तेव्हा कुठे यांनी बोट बुडवलं.