आईसाठीही मागा

चर्चमधल्या उपासनेच्या शेवटी आमचे पाळक प्रार्थनेचे विषय विचारतात आणि लोक बसल्या जागेवरून सांगतात. आज आई म्हणाली, "माझ्या बहिणीचं ऑपरेशन आहे. तिच्यासाठी मागा." मावशीला किडनी आईच देणार आहे, हे मात्र तिने सांगितलं नाही.

"आणि तू?" मी हळूच विचारलं.

"गप गं. देणाऱ्याने गाजावाजा करायचा नसतो."

दुसरे लोक आपापले विषय सांगत होते. मी आईकडे पाहत राहिले. पदर सारखा करता करता तिचा हात कमरेशी थांबला आणि तिथेच राहिला. तिलाही भीती वाटत होती.

समोर भिंतीवर प्रभूचा वधस्तंभ, क्रूस, होता. त्याच्याकडे पाहतच मी त्याग हा शब्द शिकले. पण तेव्हा त्याच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या प्रभूच्या आईचा, त्याच्या माणसांचा विचार मी कधी केला नव्हता. स्वतःला देऊन टाकणारा माणूसही कुणाचा तरी असतोच. आई करते आहे ते योग्यच आहे. तरी ती माझी आई आहे.

"अजून कुणाचा विषय?" पाळकांनी विचारलं.

चर्चमध्ये मी कधी बोलत नाही. मी आईचा तो हात धरला आणि उभी राहिले.

"माझ्या आईसाठीही मागा," मी म्हणाले.