नारळ कुठं फोडला, मावशी?

ती गाडी आजही माझ्या कानात धडधडते. नाकाबंदीत मी एका नवरदेवाला दारूतस्कर समजून धरलं होतं, तेही मुंडावळ्यांसकट. नातीला हे सांगितलं की ती विचारते, "आजी, तुला ठाणेदार केलं कुणी?" हा प्रश्न तेव्हा मलाही पडायला हवा होता. पण नवी खुर्ची, डोळ्यांवर काळा चष्मा आणि कमरेवर हात अशा अवतारात माणसाला प्रश्न पडत नाहीत.

खबर अशी होती : पांढरी गाडी, दिग्रसकडून आर्णीला, आत दारू. माल जड असल्यानं गाडी दबकत चालेल, असंही खबऱ्यानं सांगितलेलं. मी चढाच्या पायथ्याशी बॅरिकेड लावले. सकाळीच एक पांढरी गाडी आचके देत आली.

"बघा, मालानं दम लागलाय तिला," मी हवालदारांना म्हणाले.

"मॅडम, तिले तं हार लावेल हाये."

"तस्करांना हार मिळत नाहीत का?"

झडतीत निघालं काय, तर नवरीचा शालू, बुंदीचा डबा आणि मागच्या सीटवर नवरदेवाची मावशी. मावशी आमच्या सगळ्यांना भारी पडल्या. "धुंडा बाई, धुंडा! पोराच्या खिशात मुहूर्त हाये, तो बी काढून घ्या!"

मी माफी मागून गाडी सोडली. पण ती चढ चढेना. अर्ध्यातून थरथरत पुन्हा पायथ्याशी आली. वऱ्हाडाची बस केव्हाच पुढं गेलेली, मुहूर्त जवळ आलेला, आणि हातचा बराचसा वेळ मीच खाल्लेला. मी सरकारी जीप देऊ केली, तर मावशींनी कानाला हात लावले. "पोलिसाच्या गाडीतून नवरदेव उतरला तं लोक जलमभर म्हनतीन, जेलातून सोडवून आनला!"

तेवढ्यात नवरदेवाचा फोन वाजला, त्यानं स्पीकर लावला. आर्णीहून नवरी बोलत होती.

"काहून थांबले?"

"पोलिसानं धरलं."

"काय करून राह्यला होता?"

मी फोन घेऊन चूक कबूल केली. नवरीच्या वडिलांचं गॅरेज होतं आणि ती तिथंच खेळून मोठी झालेली. मेंदीच्या हातांनी तिनं तपास स्वतःकडे घेतला. "इंजिन चालू करा अन् फोन बोनेटपाशी धरा." ऐकून म्हणाली, "मिसिंग मारून राह्यली. चारातलं एक सिलिंडर झोपलं. मॅडम, हर सिलिंडरवर ठिणगी देणारी कॉइल असते. एकेका कॉइलची पिन काढा अन् परत लावा. जिची काढल्यावर आवाज पडते, ते सिलिंडर कामाचं. जिची काढून काहीच फरक पडत नाही, तोच चोर."

पहिली पिन काढली, इंजिन कण्हलं. दुसरी काढली, तेच. तिसरी काढली, तर इंजिनाला पत्ताच नाही.

"कॉइल मेली! आरोपी सापडला!" मी ओरडले.

"मॅडम, तुम्ही लय घाई करता बा. इंजिन बंद करून कॉइल उपसून तं पाहा."

हवालदारांनी जीपमधला पाना आणून कॉइल उपसली. टोकापर्यंत ओली! खाली प्लगच्या खड्ड्यात पाणी साचलेलं. मी हुंगून पाहिलं. दारूचा नव्हे, खोबऱ्याचा वास.

आता माझं काम सुरू झालं. सकाळपासून तोंड न मिटलेल्या मावशी एकाएकी गप्प झाल्या होत्या. बोलणारा माणूस असा गप्प झाला, की खुर्ची त्याच्याजवळ ओढायची. खुर्ची नव्हती, म्हणून मी सीटवर टेकले.

"मावशी, गाडीची पूजा कुणी केली?"

"मीच."

"नारळ कुठं फोडला? टायरापाशी?"

"टायरापाशी कायले? गाडी वढते कोन, टायर का मशीन? बोनेट उघडून मशीनवरच फोडला. पानी बी वाया नाही जाऊ देल्लं!"

फोनमधून नवरीसकट अख्ख्या मांडवाचं हसू आलं.

शेजारच्या वावरात वेचणी करणाऱ्या बाईनं मूठभर कापूस दिला. तो तुराटीच्या काडीला गुंडाळून आम्ही खड्डा कोरडा केला, कॉइल पुसून बसवली. इंजिन असं लागलं, जणू काही झालंच नव्हतं. गाडीनं चढ एका दमात घेतला. मी जीप बरीच मागे ठेवली. मावशींची तशी सक्त ताकीद होती. मुहूर्त गाठला. दारूची गाडी त्याच दिवशी दुसऱ्या नाक्यावर सापडली. ती लाल होती.

आचके ऐकून मी गाडीवर संशय घेतला. पण ते आचके झोपलेल्या एकाचं ओझं वाहणाऱ्या बाकी तिघांचे होते. ठाण्यातही कुरकुरणाऱ्यांवर मी डाफरत असे. त्यानंतर आधी बघू लागले, हा कुणाच्या वाटचं ओढतोय.

अक्षता टाकून मी निघाले, तशी नवरीनं हाक मारली. नवरदेवाकडे बोट दाखवून ती म्हणाली, "मॅडम, गाडीचं तं झालं. जाता जाता ह्याच्या बी एकेक पिना काढून पाहा, मले जलमभर चालवाचा हाये!"