आर्डिसचा दीड मैल

आर्डिस क्वामेला पश्चिमेकडून, मोंटानाच्या हद्दीवरून निघायचं होतं ते बरंच वाटलं, कारण नॉर्थ डकोटात वारा बहुतेक पश्चिमेचा असतो. तो पाठीशी राहील, असा तिचा अंदाज. पाच दिवस तो राहिलाही. सहाव्या दिवशी, घर एकसष्ट मैलांवर आलं असताना, तो फिरला आणि समोरून आला.

"आलास का," आर्डिस त्याला म्हणाली आणि सायकलवर बसली. सकाळचे साडेपाच वाजले होते.

तिचं वय एकाहत्तर. एकतीस वर्षं तिने नॉर्दालच्या आसपासच्या शेतांवर टपाल वाटलं, स्वतःच्या गाडीतून. टपालाच्या पेट्या रस्त्याच्या उजव्या अंगाला, गाडीचं स्टिअरिंग डावीकडे. म्हणून ती उजव्या सीटवर बसायची आणि डावा हात, डावा पाय लांब करून गाडी हाकायची. त्यामुळे आपला डावा पाय उजव्यापेक्षा लांब झालाय, असं ती गंभीर चेहऱ्याने सांगते. गावात आलेल्या एका नव्या डॉक्टरने तो मोजलाही होता. निवृत्त झाली त्या दिवशी म्हणाली, आता गाडीत बसणं पुरे. आणि सायकल घेतली.

गेल्या जानेवारीत ती गॅरेजमध्ये बर्फावरून घसरली. चाळीस मिनिटं उताणी पडून होती. तेवढ्या वेळात छताला टांगलेलं सगळं सामान नीट पाहून झालं आणि त्यातलं निम्मं टाकून द्यायचं ठरलं, असं ती म्हणते. तिच्या मुलीला, रेनेला, यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. तिने फार्गोला आपल्या घराजवळ आईसाठी एक फ्लॅट पाहून ठेवला. लिफ्ट, जागोजागी कठडे, मंगळवारी बिंगो.

"फक्त मंगळवारी?" आर्डिस म्हणाली. "म्हणजे बाकीचे सहा दिवस मरायला मोकळे."

हे भांडण बर्फ वितळेपर्यंत चाललं आणि वितळल्यावरही चाललं. शेवटी रेनेच वैतागून बोलून गेली.

"एवढी धडधाकट आहेस ना? मग मोंटानाच्या हद्दीपासून घरापर्यंत सायकलवर ये. एकदाही कुणाच्या गाडीत न बसता. आलीस तर फ्लॅटचं नाव काढणार नाही. बसलीस तर सप्टेंबरात फार्गो."

"कबूल," आर्डिस म्हणाली. रेनेचा चेहरा तेव्हाच पडला.

तर ऑगस्टातला तो दिवस. दोन्ही बाजूंना सूर्यफुलं, सगळी तिच्याकडे पाठ करून उभी. पुढच्या गावाच्या धान्यकोठ्या आठ वाजता क्षितिजावर दिसू लागल्या. नऊ वाजता त्या तेवढ्याच होत्या. दहा वाजताही तेवढ्याच. पाणथळीतून लाल खांद्याचा एक काळा पक्षी उठला आणि तिच्या हेल्मेटवर चोची मारत पाव मैल सोबत आला.

"तुझं काही पत्र नाहीये," आर्डिस त्याला ओरडून म्हणाली.

येणारे-जाणारे स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून नमस्कार करत. तीही एक बोट उचलायची. वारा असा होता की दुसरं उचललं तर सायकल खड्ड्यात गेली असती. चार गाड्या थांबल्या. आत तरुण मंडळी होती. "सोडू का, आजी?" "नको." गेली. तरुणांशी सोपं असतं. ते एकदाच विचारतात.

दोन वाजता ऑर्लिन स्कीची पिकअप शेजारी येऊन सायकलच्या चालीने चालू लागली. ऑर्लिन चौऱ्याहत्तरचा. एकतीस वर्षं आर्डिसने त्याचं टपाल टाकलं, त्यात बियाण्यांचे कॅटलॉगच जास्त. काच खाली झाली. आतून थंड हवा आली, गव्हाचे भाव सांगणारा रेडिओ आला आणि एका कुत्र्याचं डोकं आलं.

"वारा आहे," ऑर्लिन म्हणाला.

"असेल थोडा."

"टाक सायकल मागे. सोडतो."

"नको रे, माझं चाललंय की छान."

"मी तिकडेच चाललोय."

"नको, तुझा उगीच खोळंबा."

"खोळंबा कसला? मला कुठे काय काम आहे?"

"बरं बाबा, तू एवढं म्हणतोस तर."

हे वाक्य आर्डिस बोलली नाही. ते तिच्या तोंडातून आपलं आपण आलं. नॉर्दालमध्ये कॉफीचा दुसरा कप असो, केकचा तुकडा असो की अंगणातला बर्फ काढायला मदत, दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायचं. आधी घेतलं तर हावरट. तिसऱ्यांदाही नाकारलं तर माज आला म्हणतात. एकाहत्तर वर्षांत तिने हे कधी चुकवलं नव्हतं, आणि आजही चुकवलं नाही.

ऑर्लिनने सायकल मागे ठेवली. ती पुढे बसली. कुत्रा तिच्या मांडीवर बसला. गार वारा चेहऱ्यावर आला आणि तिने डोळे मिटले. ते उघडले तेव्हा समोरून एक विजेचा खांब गेला. मग दुसरा. खांब फारच भराभर जात होते.

"थांब!"

ऑर्लिनने करकचून ब्रेक दाबला. कुत्रा खाली पडला.

"ऑर्लिन, माझी पैज! तुला माहीत नव्हती?"

"होती की. सगळ्यांनाच माहीत आहे."

"मग विचारलंस कशाला?"

"न विचारता पुढे कसा जाणार? वारा किती आहे बघ."

"एकदा विचारायचंस. तीनदा कशाला?"

ऑर्लिन दुखावला. "दोनदा विचारून गेलो असतो तर म्हणाली असतीस, ऑर्लिनने वरवर विचारलं."

खरं होतं. ती तसंच म्हणाली असती.

गाडीच्या काट्याने दीड मैल दाखवला. तिने सायकल उतरवून घेतली आणि तोंड पश्चिमेकडे वळवलं.

"अगं, मी सोडतो ना मागे," ऑर्लिन म्हणाला.

"नको."

"मला काही त्रास नाही."

"नको."

त्याने पुन्हा तोंड उघडलं.

"ऑर्लिन," आर्डिस म्हणाली, "एक शब्द बोललास तर तुझ्या कुत्र्याला चावेन."

मागे जाताना वारा पाठीशी होता. पाच मिनिटं लागली. जिथून चढली होती तिथे तिने पाय टेकला, सायकल वळवली आणि तोच दीड मैल पुन्हा कापला. पंचवीस मिनिटं. चाकांनी एक हातही रस्ता सोडला नव्हता. पण रेने रस्त्याबद्दल बोललीच नव्हती. ती गाडीत बसण्याबद्दल बोलली होती. उरलेले वीस मैल आर्डिस या वाक्यातून निसटायला वाट शोधत होती. सापडली नाही.

साडेसहाला ती अंगणात शिरली. रेने पायरीवर बसली होती. शेजारी हॉटडिशचं, म्हणजे खिम्यावर बटाटे घालून भाजलेल्या जेवणाचं, भांडं टॉवेलात गुंडाळलेलं होतं.

"आलीस!" रेने उठली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "आई, तू खरंच आलीस."

तिच्या कानावर काही आलं नव्हतं. ऑर्लिन चक्क गप्प बसला होता. आर्डिसनेही तोंड मिटून ठेवलं असतं तर काम झालं असतं. तिने हेल्मेट काढलं.

"दीड मैल बसले. ऑर्लिनच्या पिकअपमध्ये. तिसऱ्यांदा विचारलं त्याने."

"अरे देवा," रेने म्हणाली. तीही नॉर्दालचीच. पुढचं सांगावं लागलं नाही.

"तेव्हा तू जिंकलीस. येते मी फार्गोला."

"अगं, नको. दीड मैलाचं काय एवढं?"

"ठरलं ते ठरलं. उद्याच खोकी आणते."

"आई, राहू दे ना. बस आधी."

आर्डिस बसली. भांड्यावरचा टॉवेल सोडवला. वरचे बटाटे छान कुरकुरीत झाले होते. तिने दोघींना वाढलं आणि खायला लागली. रेने काटा हातात धरून वाट पाहत होती. आर्डिसने दुसरा घास घेतला. मग तिसरा.

"आई," रेने हळूच म्हणाली. "तू दोनदाच म्हणालीस."

"हो का?"

"तिसऱ्यांदा म्हण."

"तू दोनदा नको म्हणालीस. मी काही कुणाच्या मागे लागणाऱ्यातली नाही."

 रेनेला ओरडायचं होतं. पण तोंडातून हसूच आलं, मग तेही आवरलं. तिने काटा खाली ठेवला, घरात जाऊन खणातली मोजपट्टी आणली आणि तरातरा गॅरेजकडे गेली.

"काय करतेस?"

"कठडा लावणार आहे. भिंतभर. आणि मी एकदाही विचारणार नाहीये."

गॅरेजमधून मोजपट्टी ओढल्याचा आवाज आला. आर्डिसने नको म्हणायला तोंड उघडलं, पण तोंडात घास होता.