पाव आणायला गेलेला यूसुफ

टिपणीसकाकांच्या नळाला दिवसभर पाणी असायचं, तरी रोज संध्याकाळी ते घरातली सगळी पातेली भरून ठेवायचे. डोंबिवलीत आमची दारं समोरासमोर होती. काकू कुरकुरल्या की काका म्हणायचे, “नळ काय आपल्याला विचारून बंद होतो?” ही सवय आखातातली. तरुणपणी ते तिथल्या एका इस्पितळात जनरेटर सांभाळायचे आणि लढाई पेटली तेव्हा तिथेच अडकले होते. त्या दिवसांत ते रोज चार ओळी लिहायचे.

मी कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. त्या डायरीचं मी इंग्रजी केलं, ठाण्याच्या एका छोट्या प्रकाशकाने छापलं. नातेवाईक वाचतील, एवढीच आमची अपेक्षा. पण पुस्तक इंटरनेटवर गेलं आणि मला कुठून कुठून मेल येऊ लागले. पोलंडच्या एका आजीबाईंनी लिहिलं, ‘लहानपणीच्या लढाईपासून मी अजून उशाशी पाव ठेवून झोपते.’ ब्राझीलच्या एका विद्यार्थ्याला जाणून घ्यायचं होतं, डायरीत आलेली, इस्पितळातल्या काचेच्या पेटीतली अपुऱ्या दिवसांची बाळं वाचली का. एका निवृत्त सैनिकाने एवढंच कळवलं, ‘मी दुसऱ्या बाजूला होतो.’ मी वाचून दाखवायचे, काका उत्तर सांगायचे. बाळांचं विचारलं तेव्हा म्हणाले, “जेवढं पाहिलं तेवढं लिहिलंय. पुढचं माहीत नाही, असं कळव त्याला.”

मग नॉर्वेहून अमीनाचा मेल आला. ‘तुमच्या पुस्तकातला यूसुफ माझे वडील. ते परदेशी गेले तेव्हा मी आईच्या पोटात होते. तुम्ही लिहिलंय, संध्याकाळी यूसुफ पाव आणायला गेला, अजून आला नाही. नंतर आले का ते?’

यूसुफ इस्पितळाची गाडी चालवायचा, सुदानचा होता. तो पाव आणायला गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काकांना बसमध्ये बसवून सरहद्दीकडे नेलं. डायरीत यूसुफचं नाव पुन्हा येत नाही.

काकांनी या मेलचं उत्तर सांगितलंच नाही. चारपाच दिवसांनी म्हणाले, “माधुरी, विठ्ठलवाडीला येतेस? जसवानी मागे राहिला होता. त्याला ठाऊक असेल.”

जसवानी त्याच इस्पितळात औषधं द्यायचे. आम्ही गेलो तेव्हा ते पलंगावर बसून होते, सुनेने चहा आणला. त्यांनी काकांना ओळखलं नाही. काका पुनःपुन्हा विचारत राहिले, “यूसुफ, अरे गाडीवाला यूसुफ. वापस आया था क्या?”

जसवानी गोड हसले. “आया होगा,” म्हणाले.

परतताना आम्ही रिक्षा केली. काका म्हणाले, “आया होगा म्हणे. हे लिहिता येतं का गं?”

“तिला बरं वाटेल, काका.”

“वाटेल. आणि मग ती विचारेल, मग घरी का नाही आले?”

शेवटी मी खरं तेच कळवलं, ते परत आले का हे आम्हाला माहीत नाही. अमीनाने आभार मानले आणि काकांना एकदा बघायचंय म्हणाली. रविवारी दुपारी व्हिडिओ कॉल लावला. चाळिशीकडे झुकलेली बाई, डोक्याला रुमाल. काकांनी आधी हात जोडले. “सॉरी,” म्हणाले.

तिने इंग्रजीत मला विचारलं, “बाबांचा आवाज कसा होता? आमच्याकडे फक्त फोटो आहे.”

मी मराठीत सांगितलं. काकांनी डोळे मिटले. “त्याच्या अरबीत ‘प’ नाही, त्याला म्हणता यायचा नाही. आणि ‘या’ म्हणजे ‘अरे’. जनरेटरच्या खोलीच्या दारात उभा राहून चहाला हाक मारायचा.” त्यांनी घसा खाकरला आणि खर्जात, शेवट लांबवत हाक मारली, “या तिब्नीऽऽस! शाय!”

पडद्यावर अमीना पुढे झुकली. मग मला म्हणाली, “पुन्हा म्हणायला सांगाल?”

काकांनी पुन्हा हाक मारली. ती मागत राहिली, ते मारत राहिले. काकू स्वयंपाकघरातून येऊन दाराशी उभ्या राहिल्या. काकांचा आवाज बसत चालला होता.

“हाक मारल्यावर बाबा पुढे काय म्हणायचे?” तिने विचारलं.

“पुढे काय,” काका म्हणाले. “मग आम्ही चहा प्यायचो. सांग तिला.”

मी सांगितलं.