हिलाकात्याच्या मागे चालणारे

इलारियोन लारूता मास्तरांचं सगळं आयुष्य लोकांना पळायला लावण्यात आणि लोक नीट पळत नाहीत म्हणून चिडण्यात गेलं. तिकीपायाच्या शाळेत ते व्यायाम शिकवायचे. डोंगरपठारावरच्या त्या गावात दुसरा कुणी शिट्टीवाला माणूस नव्हता, त्यामुळे दरवर्षी अख्ख्या गावाची शारीरिक चाचणी त्यांच्याच गळ्यात पडायची. शाळेतली मुलं शिट्टीच्या आधीच सुटायची. फुटबॉलवाले पोरगे आदल्या दिवशीच्या सणाची झिंग घेऊन यायचे आणि पोटाचे व्यायाम करता करता तिथेच घोरायला लागायचे. आयांच्या गटाचं तर विचारूच नका. पाठीवर रंगीत फडक्यात पोर बांधलेलं, आणि त्या तशाच धावायला उभ्या.

"अगं बाई, ते खाली ठेव की कुणाकडे तरी."

"मग तोल कसा राहील, मास्तर?"

मास्तर कपाळाला हात लावायचे. पण मोजायचे. चाळीस पावसाळे-हिवाळे त्यांनी असंच चिडत, ओरडत काढले, आणि निवृत्त होऊन घरी बसल्यावर आठवड्याभरातच त्यांची बायको ग्रेगोरिया म्हणाली, "दिवसभर मलाच 'पाठ सरळ, पाठ सरळ' करताय. बाहेर कुणीतरी शोधा."

म्हणून त्यांनी म्हाताऱ्यांचा वर्ग घेतला. जिल्ह्याच्या आरोग्यखात्याने काढलेला, दर बुधवारी, फुटबॉलच्या मैदानावर. चौदा म्हातारेकोतारे यायचे. बायका लोकरी शाली आणि घेरदार झग्यांत, पुरुष टोप्या घालून, गालात कोकाची पानं धरून. मास्तरांच्या हातात आता आयुष्यातलं एवढंच काम उरलं होतं. ते हे कुणाला बोलून दाखवत नसत, पण मंगळवारी रात्री ते बूट पुसून दाराशी ठेवत.

पहिल्या वर्षीची चाचणी झोकात झाली. सहा मिनिटं चालायचं आणि किती अंतर झालं ते मोजायचं, एवढीच ती चाचणी. चौदाही जण असे चालले की जिल्ह्याने कौतुकाचा निरोप पाठवला.

त्या वर्षी गावचा हिलाकाता फोर्तुनातो चिपाना होता. हिलाकाता म्हणजे गावचा वर्षभराचा पुढारी. खांद्यावरून चाबूक अडकवतो, अंगावर मानाचा पोंचो घालतो, आणि हे पद घराघरांतून पाळीने फिरतं. फोर्तुनातो बटाट्याची पोती वाहून वाहून घोड्यासारखा झालेला. तोही वर्गात होता, आणि चालताना अर्थातच सगळ्यांच्या पुढे होता. याकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही. मास्तरांचंही नाही.

नव्या वर्षी पाळी सेवेरो तार्कीच्या घरावर आली. तो आणि त्याची बायको दोघंही वर्गातलीच. पण त्या चाचणीनंतर ताता सेवेरो (ताता म्हणजे बाबा, वडीलधाऱ्याला मारायची हाक) छप्पर शाकारताना पडला होता, तेव्हापासून त्याचा उजवा गुडघा वाकत नव्हता.

आणि वर्ग मंदावला. फेब्रुवारी गेला, मार्च गेला, चौदा जण मैदानाला अशी फेरी मारत जशी काही कुणाची अंत्ययात्रा चालली आहे. मास्तर ओरडून ओरडून घसा बसवून घ्यायचे. "पुढे व्हा! पाय उचला!" सगळे मान डोलवत, गोड हसत, आणि तसेच चालत. मास्तरांना वाटलं, वय झालं यांचं. मग वाटलं, आपलंच शिकवणं आटलं. हा दुसरा विचार त्यांना झोपू देईना.

ऑगस्टमधली चाचणी तोंडावर आली होती. जिल्ह्याचा नियम साधा होता. गेल्या वर्षीपेक्षा आकडे खाली आले तर चालण्याचा वर्ग बंद, आणि त्याऐवजी परिचारिका येऊन सगळ्यांना खुर्च्यांवर बसवून व्यायाम देणार.

अशात एका सकाळी मास्तरांनी वर्गातल्या दोन्या नीकोलासाला, म्हणजे नीकोलासाबाईला, मेंढीमागे धावताना पाहिलं. सत्तरी ओलांडलेली बाई, झगा दोन्ही हातांनी वर धरून, ओढ्यापर्यंत. मेंढीलाही तिने हरवलं. मास्तर तिथेच तिला आडवे गेले.

"दोन्या नीकोलासा! हे पाय बुधवारी कुठे असतात?"

"बुधवारी हिलाकाता पुढे असतो, मास्तर."

"मग त्याला मागे टाका ना!"

"हिलाकात्याला? मागे?" ती मेंढीचे कान धरून उभी राहिली. "मेंढी काय हिलाकाता आहे का?"

"मिरवणुकीत मागे राहता ते ठीक आहे हो. पण हे खेळाचं मैदान आहे!"

"तो मैदानावर आला म्हणून काय गोलकीपर होतो का?"

मास्तर मूळचे खाणीकडच्या गावचे. इथे लग्न करून त्यांचा जन्म गेला होता, हिलाकात्याच्या मागून ते स्वतः शंभरदा चालले होते, आणि तरीही हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. ते तसेच तरातरा ताता सेवेरोच्या घरी गेले. सेवेरो उन्हात गुडघा शेकत बसला होता. त्याची बायको बासिलिया गोठवून वाळवलेले बटाटे निवडत होती.

"ताता, चाचणीच्या दिवशी तुम्ही नुसते बसा. हात जोडतो."

"मी बसलो तर तेही बसतील."

"मग आजारी पडा!"

"शपथ घेतलीय. वर्षभर आजारी पडता येत नाही."

"बरं, दोन्या बासिलिया पुढे चालतील. पद तर नवरा-बायको दोघांचं असतं ना?"

बासिलियाने बटाटा खाली ठेवला. "मी पुढे आणि हे मागे? लोक म्हणतील, यांच्या घरात भांडण आहे. हिलाकात्याच्या घरी भांडण असलं की गारा पडतात म्हणतात. मग गारपीट झाली की दोष कुणाला? तुम्हाला? तुम्ही तर शिट्टी वाजवून घरी जाल."

मास्तर पाय आपटत घरी गेले.

चाचणीला जिल्ह्याकडून रोक्साना नावाची तरुण बाई आली. टापटीप, हसतमुख, दुपारपर्यंत. मैदानात पोचली तर चाचणीच्या जागी कापड पसरलेलं. माणसं जमली की सगळ्यांनी घरून आणलेलं एकत्र मांडून खायचं, ही इथली रीत. बटाटे, चीज, तळलेले मासे, सगळं सामान पुढे पेटी असलेल्या तीनचाकी सायकलवरून आलेलं.

"चाचणीआधी जेवायचं नसतं!" मास्तर किंचाळले.

"मग चालायचं कशाच्या जोरावर?" नीकोलासाने विचारलं आणि रोक्सानाच्या हातात मासा ठेवला.

खाऊन झाल्यावर चालणं झालं. अंत्ययात्राच. मास्तरांनी गयावया करून रोक्सानाला एकेकाला वेगळं चालवायला लावलं. हिलाकात्याला पहिलं पाठवलं. तो लंगडत गेला आणि सहा मिनिटं संपली तिथे रोक्सानाने दगड ठेवला. मग फोर्तुनातो आला. घोड्यासारखा सुटला, दगडापाशी पोचला आणि थांबला.

"आजोबा, अजून खूप वेळ आहे. चाला ना."

"इथवर बास."

"दम लागला?"

"दम कशाला लागेल? मान राखला."

नीकोलासा दगडापाशी थांबली. बाकीचेही थांबले. थोड्या वेळाने दगडाभोवती घोळका जमला आणि गप्पा सुरू झाल्या. मास्तरांनी टोपी काढून जमिनीवर आपटली.

"मी जे दिसतं तेच लिहिणार," रोक्साना म्हणाली. आता ती हसत नव्हती. "सगळ्यांचं सारखं आणि सगळ्यांचं कमी. पुढच्या महिन्यापासून खुर्च्या. हातात रबरी चेंडू घेऊन दाबायचा."

"दाबून काय होतं?" नीकोलासाने विचारलं. "दूध निघतं?"

मास्तर पाठमोरे होऊन डोंगराकडे बघत राहिले. ताता सेवेरोने त्यांची पाठ बराच वेळ पाहिली. आपल्या वर्षात गावचे म्हातारे खुर्चीत बसवले गेले, हे पुढे सांगितलं जाणार होतं. तो लंगडत पुढे आला.

"मी पुढे असलो पाहिजे," तो म्हणाला. "मी चाललंच पाहिजे असं कोण म्हणालं?"

आणि त्याने चाबकाने तीनचाकीकडे खूण केली. बासिलियाने भांडी उतरवली. सेवेरो पोंचो सावरून पेटीत बसला, ती त्याच्या शेजारी बसली, आणि मग सगळ्यांनी वळून मास्तरांकडे पाहिलं.

"मी? माझी चाचणी नाहीये!"

"म्हणूनच," फोर्तुनातो म्हणाला. "आमचे पाय मोजायचेत. तुमचे रिकामे आहेत."

रोक्सानाने नियम वाचले. पुढून काय जावं याबद्दल त्यात काही नव्हतं.

शिट्टी तिने वाजवली. मास्तरांनी पायडल मारलं आणि दोन माणसांचं वजन लगेच त्यांच्या मांड्यांत उतरलं. मागून चौदा वजा दोन, असे बारा जण सुटले होते. सुटले म्हणजे असे, की सायकलच्या चाकाला त्यांचे पाय लागायला लागले.

"जोरात, मास्तर! आमचा वेळ चाललाय!"

"पाठ वाकली! पाठ सरळ!"

"नाकाने श्वास घ्या, तोंडाने नको!"

"अहो, दम... दम लागतोय..."

"आमच्यापेक्षा लहान आहात तुम्ही!" नीकोलासा मागून ओरडली. तिला बोलायला दमही लागत नव्हता. पेटीत ताता सेवेरो ताठ बसला होता, मिरवणुकीतल्या देवासारखा.

सहा मिनिटं संपली तेव्हा मास्तर सायकलवरून उतरले नाहीत, घसरले. गवतावर उताणे पडून ते आकाशाकडे बघत राहिले. रोक्सानाने अंतर मोजलं, पुन्हा मोजलं. गेल्या वर्षीपेक्षा पुष्कळ जास्त होतं.

"आणि आम्हा दोघांचं किती?" बासिलियाने विचारलं.

"तुम्ही दोघं चाललातच नाही ना, आजी. शून्य."

मग फोर्तुनातो म्हणाला, "मग आमचंही शून्य लिहा. हिलाकात्याच्या पुढे जाता येत नाही."

"पण तुम्ही चाललात!" रोक्साना ओरडली. तिचा आवाज अगदी मास्तरांसारखा झाला होता. "मी पाहिलं! मास्तर, तुम्ही सांगा यांना!"

मास्तरांनी कोपरावर टेकून मान वर केली. छाती भात्यासारखी चालली होती. "आकडा... नका लिहू," ते म्हणाले. "दोघांची नावं सगळ्यात वर लिहा. पुढे लिहा... मोजता येत नाही."

रोक्सानाने सेवेरोकडे पाहिलं. सेवेरोने थोडा विचार केला आणि मान डोलवली.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "हिलाकात्याला मोजत नसतात."

वर्ग राहिला. लोक कापडाभोवती परत बसले, उरलेले मासे वाटले गेले. नीकोलासाने मास्तरांच्या तोंडात बटाटा कोंबला आणि सांगितलं की बुधवारी हवा भरून आणा, मागचं चाक बसलंय.

"बुधवारी कशाला?" मास्तर म्हणाले. "चाचणी झाली!"

"चाचणी झाली. हिलाकात्याचं वर्ष कुठे झालंय?"

मास्तरांनी बोटांवर महिने मोजले, टोपी तोंडावर ओढली आणि टोपीखालून बराच वेळ काहीबाही पुटपुटत राहिले.