स्टार्नबर्गच्या तळ्यावरची संकष्टी

म्युनिकला मी एकटीच्या जबाबदारीवर पहिली सहल नेली, तेव्हा माझी नोकरी अजून पक्की नव्हती. डोंबिवलीच्या एका पर्यटन कंपनीत मी मदतनीस म्हणून फिरत होते. ही सहल नीट झाली तर कायम करू, असं साहेब म्हणाले होते. नीट म्हणजे काय, हेही त्यांनी सांगून ठेवलं होतं. गटात एक काकू होत्या, निवृत्त मुख्याध्यापिका. दरवर्षी त्या आणि त्यांच्या ओळखीतली बरीच मंडळी आमच्याकडूनच प्रवासाला निघत. काकूंचं मन मोडलं तर पुढच्या वर्षीची अर्धी बस रिकामी जाणार होती.

माझे वडील शहाडला टेम्पो चालवतात. घरात पदवी घेतलेली मीच पहिली. जर्मनचा क्लास ठाण्याला, टेंभी नाक्याजवळ होता. क्लास सुटला की मासुंदा तलावाच्या कट्ट्यावर बसून मी शब्द पाठ करायची. परीक्षेत मी एकदा नापास झाले, तेव्हा क्लासच्या बाईंनी मला आपणहून पुढच्या तुकडीत पुन्हा बसवलं. त्या बाई नसत्या तर मी म्युनिक नकाशातच पाहिलं असतं.

म्हणून तयारीत मी कसर ठेवली नव्हती. टाउन हॉलच्या मनोऱ्यावरच्या बाहुल्या किती वाजता नाचतात, मोठ्या संग्रहालयात विमानं कोणत्या मजल्यावर आहेत, सगळं पाठ होतं. तिथली बरीच संग्रहालयं सोमवारी बंद असतात, म्हणून सोमवारी राजवाडा ठेवला होता. वार पाहिले, वेळा पाहिल्या. तिथी बघायचं मात्र डोक्यातच आलं नाही.

ऑक्टोबरातल्या त्या सकाळी नाश्त्याला काकूंनी पावाची टोपली शांतपणे बाजूला सरकवली. म्हणाल्या, "आज संकष्टी आहे गं." त्यांनी सांगितल्यावर आणखी सहा-सात जणांना आठवण झाली आणि तेवढ्याच टोपल्या बाजूला सरकल्या.

दुपारचं निभावलं. त्या मुलखात उकडलेल्या बटाट्यांना तोटा नाही. विमानं, जहाजं बघून आम्ही म्युनिकजवळच्या स्टार्नबर्गच्या तळ्यावर गेलो, बोटीतून चक्कर मारली. बँकेतून निवृत्त झालेले एक काका लांबच्या आल्प्सकडे बघत म्हणाले की सगळं छान आहे, पण आमच्या ठाण्याच्या तलावपाळीला निदान भेळ तरी मिळते. त्यांचा उपास नव्हता, पण भूक सगळ्यांत जास्त त्यांनाच लागलेली.

बोटीतून उतरताना त्यांच्या सुनेचा व्हिडिओ कॉल आला. डोंबिवलीत रात्र झाली होती. सुनेनं गॅलरीतून फोन वर धरला, तर समोरच्या इमारतीच्या टाकीमागे चंद्र. इकडे तळ्यावर चक्क ऊन होतं. काकांनी फोन सगळ्यांपुढे फिरवला. "घ्या दर्शन. आपला चंद्र उगवला, चला जेवायला."

दोघा-तिघांनी फोनला हात जोडलेसुद्धा. कॅलेंडरात वेळ डोंबिवलीकडचीच छापलेली असते, मग चंद्रही तिकडचाच धरायचा, असं त्यांचं म्हणणं. काकू हसल्या, पण हलल्या नाहीत.

"मी जिथं उभी आहे, तिथं तो अजून उगवलेला नाही," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "तू तुझं वेळापत्रक सांभाळ बाळा. मी बघेन हॉटेलातून."

हॉटेलाच्या खिडक्या एका अरुंद गल्लीत उघडत होत्या. तिथून चंद्र दिसायला मध्यरात्र झाली असती. काकू तशाच उपाशी झोपणार आणि त्याबद्दल एक शब्दही बोलणार नाहीत, हे मला कळलं. मी साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, जेवण साडेसहाचं ठरलेलं आहे, बाकीचे कुरकुरतील, तुझं तू बघ.

मग माझं मी बघितलं. आमच्या बसच्या जर्मन ड्रायव्हरला ठरलेल्या तासांपलीकडे गाडी चालवता येत नाही. त्याला जाऊन सांगितलं की काही माणसं सकाळपासून जेवलेली नाहीत, चंद्र दिसल्याशिवाय जेवणारही नाहीत. चंद्राचा जर्मन शब्द मासुंद्याच्या कट्ट्यावर पाठ केलेला. त्याचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. त्यानं घड्याळ पाहिलं, आठपर्यंत थांबतो म्हणाला. म्युनिकच्या भारतीय हॉटेलवाल्यानं जेवण उशिरा वाढायचं कबूल केलं. काकांना मी सरळच विचारलं, थांबाल का. ते म्हणाले, "थांबतो, पण चकल्या काढा कुणीतरी." चकल्या निघाल्या.

आम्ही पश्चिम काठावर पूर्वेकडे तोंड करून बसलो. गार वारा सुटला. काकूंनी हिरवळीतल्या काड्या खुडल्या. दूर्वाच आहेत असं नाही, म्हणाल्या, पण गणपती समजून घेईल. साडेसात होत आले. समोरच्या टेकडीवर नेमका एक ढग येऊन बसला. ड्रायव्हर पुन्हा घड्याळाकडे बघायला लागला.

ढग सरकला. तांबूस, थोडा झिजलेला चंद्र टेकडीवर आला आणि पाण्यात त्याची लांब रेघ पडली. काकूंनी बाटलीतल्या पाण्याचं अर्घ्य दिलं. आरती सगळ्यांनी हळू आवाजात म्हटली, कुत्रा फिरवणारं एक जोडपं तेवढा वेळ थांबून राहिलं. नारळाच्या वडीचा पहिला तुकडा ड्रायव्हरला गेला, दुसरा काकांना.

दुसऱ्या दिवशी राजवाड्याच्या बागेत काकू माझ्याशेजारून चालत होत्या. त्यांनी राजाबद्दल काहीच विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "पुढच्या वर्षी आम्ही इटलीला जायचं म्हणतोय. तूच येशील ना?"

मी कंपनीत अजून कायम नाही, असं खरं ते सांगितलं.

"मग होशील," त्या म्हणाल्या आणि पर्समधून फोन काढून तिथंच साहेबांना लावला.

इटलीची आखणी सध्या माझ्याच टेबलावर आहे. संग्रहालयांचे बंद वार लिहून झाले. संकष्टीच्या दिवशी सगळ्यांना संध्याकाळी एका तळ्याच्या पश्चिम काठावर न्यायचं ठरवलं आहे.